टिळकांचे एक वर्ष



लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १८७२ साली वडील वारले. त्याच वर्षी ते मॅट्रिक झाले आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. बुद्धी तल्लख, पण प्रकृती नाजूक. म्हणून कॉलेजचे पहिले वर्ष त्यांनी पुस्तके बाजूला ठेवून शरीर कमावण्यासाठी दिले. रोज व्यायाम, कुस्ती आणि नदीत पोहणे. अभ्यासात ते मागे पडले, पण शरीर काटक झाले.

नंतर गणित घेऊन ते बी.ए. पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १८७९ साली एलएल.बी. झाले. पुढे १९०८ ते १९१४ मंडालेचा तुरुंगवास त्यांनी मधुमेह असूनही सोसला आणि तिथेच ‘गीतारहस्य’ लिहिले. त्या एका वर्षाची कमाई अशी कामी आली.

आज आपल्या हैदराबादेत इंटरची मुले पहाटेपासून रात्रीपर्यंत कॉलेज आणि कोचिंगमध्येच असतात. वर्ष सोडा, असे मी म्हणत नाही. पण पालकांनो, संध्याकाळचा एक तास मुलांना खेळायला द्या. विश्वस्तांनाही विनंती आहे, त्या वेळी शाळेचे मैदान माजी विद्यार्थ्यांसाठी खुले ठेवावे.