अहमद : नगर वसवणाऱ्याचं नाव आणि त्याचा अर्थ

2024 साली अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या, त्यांचा मान आहेच. पाथर्डीत तसंही पूर्ण नाव कोण घेत होतं? एसटीत बसताना सगळे नगरच म्हणायचे. पण घराघरांतल्या जुन्या दाखल्यांवर अहमदनगर आहे, आणि मुलं विचारतात, हा अहमद कोण?

आधी नाव. हम्द म्हणजे स्तुती. आपण रोज अलहम्दुलिल्लाह म्हणतो, त्यातलाच हा शब्द. मुहम्मद, महमूद, हमीद, हमीदा ही सगळी नावं याच मुळातली. मुहम्मद म्हणजे ज्यांची पुन्हा पुन्हा स्तुती होते ते. अहमद म्हणजे सर्वाधिक स्तुतीस पात्र. अल्लाहची सर्वाधिक स्तुती करणारा, असाही अर्थ लावतात. पवित्र कुरआनात सूरह अस्-सफच्या सहाव्या आयतीत हजरत ईसा (अलै.) आपल्यानंतर येणाऱ्या प्रेषिताची खुशखबर देतात, तिथे अहमद हेच नाव आहे. म्हणून प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांचं हे दुसरं नाव मानलं जातं.

आता माणूस. मलिक अहमदचे वडील मलिक हसन हे मूळचे ब्राह्मण, घराणं पाथरीचं. (पाथरी परभणीकडची, आपली पाथर्डी नव्हे!) विजयनगरच्या लढाईत लहानपणी पकडले गेले, बहमनी दरबारात मुसलमान म्हणून वाढले आणि निजामुल्मुल्क हा किताब मिळवून वजीर झाले. म्हणजे ज्याच्या नावावर शहर वसलं, तो याच मातीतल्या घरातला. पुढे त्याच्या मुलाने, बुरहानने, वडिलोपार्जित पाथरीसाठी वऱ्हाडच्या इमादशाहीशी लढाया केल्या. गावाची ओढ पिढ्यांनंतरही सुटली नव्हती.

1486 मध्ये बीदरच्या राजकारणात हसन मारले गेले. अहमद तेव्हा जुन्नरला होता. त्याने बहमनींचा हुकूम झुगारला, आणि 28 मे 1490 रोजी भिंगारजवळ त्यांच्या फौजेचा पराभव केला. तिथेच बाग निजाम उभी राहिली, आणि 1494 मध्ये सीना नदीकाठी शहराची पायाभरणी झाली. जागा विचार करून निवडलेली: एका बाजूला जुन्नर, दुसऱ्या बाजूला दौलताबाद. दौलताबादचा किल्ला थेट हल्ल्याने मिळेना, म्हणून दरवर्षी पीक काढायच्या वेळी फौज पाठवून त्या भागातली पिकं उद्ध्वस्त केली. 1499 मध्ये किल्ला हाती आला. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर ही गोष्ट कौतुकाची नाही.

फिरिश्ता हा इतिहासकार त्याच्या स्वभावाची एक आठवण देतो. शहरातून घोड्यावर जाताना अहमद इकडेतिकडे बघत नसे, परक्या बाईवर नजर पडू नये म्हणून. तलवारबाजीचा मात्र त्याला भारी नाद. त्यापायी शहरात द्वंद्वांचं इतकं फॅड आलं की माणसं मरू लागली.

1508च्या सुमारास तो वारला. गादीवर बसलेला बुरहान तेव्हा जेमतेम सात वर्षांचा होता. अहमदची कबर नगरच्या बागरोज्यात आहे, काळ्या दगडाच्या घुमटाखाली. तारखेला, दवाखान्याला नगरला जाणं होतंच. एखाद्या वेळी मुलांना तिथेही नेता येईल.