डेल्फ्टच्या कापडव्यापाऱ्याने पाहिलेले बीज

विद्यापीठाची पायरी न चढता विज्ञानाच्या इतिहासात अजरामर झालेली जी मोजकी माणसे आहेत, त्यांत आंतोन व्हान लेव्हेनहूक याचे स्थान फार वरचे आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट येथे १६३२ साली एका टोपल्या विणणाऱ्याच्या घरी तो जन्मला. सोळाव्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमला कापडाच्या धंद्यात उमेदवारी केली, गावी परतून स्वतःचे दुकान थाटले आणि १६६० पासून नगरसभागृहातील दालनाची देखभाल करण्याची किरकोळ नोकरीही पत्करली. लॅटिन ही त्या काळच्या पंडितांची भाषा त्याला अवगत नव्हती. पहिल्या पत्नीपासून झालेल्या पाच अपत्यांपैकी मारिया ही एकटीच जगली.

कापडाचे धागे पारखण्यासाठी व्यापारी भिंग वापरीत. या गृहस्थाचे तेवढ्याने समाधान झाले नाही. त्याने इवलीशी भिंगे स्वतः घासून, धातूच्या दोन पट्ट्यांत बसवून एकभिंगी सूक्ष्मदर्शक बनविले. त्यांपैकी आज उरलेला एक सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे २७० पट मोठी करून दाखवितो. १६७३ मध्ये डेल्फ्टचाच तरुण वैद्य रायनिअर द ग्राफ याने लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याची ओळख करून दिली आणि पुढे पन्नास वर्षे डच भाषेतील त्याच्या पत्रांचा ओघ लंडनकडे वाहत राहिला.

१६७७ मध्ये योहान हाम हा वैद्यकाचा विद्यार्थी एका गुप्तरोग्याचे वीर्य घेऊन त्याच्याकडे आला. त्यात शेपटीवाले जीव वळवळत होते. ते रोगामुळे, कुजण्यातून उपजले असावेत, असा हामचा तर्क. लेव्हेनहूकने निरोगी माणसाचे, म्हणजे स्वतःचेच, वीर्य भिंगाखाली धरले. तेच जीव तेथेही असंख्य होते! हे वीर्य पत्नीसमागमानंतरचे आहे, पापाचरणाने मिळविलेले नव्हे, असा खुलासा त्याला पत्रात करावा लागला. आणि मजकूर विद्वानांना शिसारी आणणारा वाटल्यास तो प्रसिद्ध करू नये, अशी मुभाही त्याने सोसायटीच्या अध्यक्षांना दिली. पत्र १६७९ साली लॅटिनमध्ये छापले गेले आणि पुढच्याच वर्षी हा दुकानदार सोसायटीचा सदस्य झाला. मराठीतील शुक्रजंतू हा शब्द आजही त्याचीच समजूत जपून आहे.

पाहण्यात तो चुकला नाही; अर्थ लावण्यात चुकला. गर्भ सर्वस्वी या जंतूतूनच घडतो, स्त्रीचे शरीर केवळ त्याचे पोषण करते, असे त्याने ठामपणे मांडले. ज्या द ग्राफने त्याला जगापुढे आणले, त्याचे स्त्रीबीजाविषयीचे मतच त्याने धुडकावले. बीज पुरुषाचे आणि शेत स्त्रीचे, ही कल्पना भारतीयांनाही अपरिचित नाही. मौज अशी की, बीजच सर्वस्व असेल तर पीक न आल्याचा पहिला संशय बीजावर यायला हवा. तो मात्र शेतावरच घेतला गेला. सस्तन प्राण्यातील स्त्रीबीज फोन बेअरने १८२७ मध्ये प्रत्यक्ष पाहिले आणि दोन्ही बीजांच्या केंद्रकांचे मीलन ऑस्कर हर्टविगने समुद्री साळिंदराच्या अंड्यात १८७६ मध्ये दाखविले. तरी वांझ हा शब्द स्त्रीलाच चिकटून राहिला.

लेव्हेनहूक १७२३ मध्ये, नव्वदी ओलांडून, वारला. आपली सर्वोत्तम निरीक्षणपद्धती त्याने कोणालाही शिकविली नाही, हा त्याच्यावरील आक्षेप खरा आहे. रॉयल सोसायटीला मृत्युपत्राने दिलेले त्याचे २६ चांदीचे सूक्ष्मदर्शकही पुढे हरवले.

त्याला जे दिसणे शक्यच नव्हते, ते पाहण्यास विसावे शतक उजाडावे लागले. शुक्रजंतूचे डोके मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाएवढे, शेपटीची जाडी त्याहूनही कितीतरी कमी. आणि प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे ०.२ मायक्रोमीटरखालचे बारकावे दिसत नाहीत. १९३१ मध्ये रुस्का आणि क्नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरला. पुढे अतिसूक्ष्म काप घेणे साधले, तेव्हा लेव्हेनहूकच्या जंतूचे अंतरंग उघडले: डोक्यावर स्त्रीबीजाचे कवच भेदणारा टोप, मधल्या भागात ऊर्जा पुरविणाऱ्या तंतुकणिकांचे वेटोळे आणि शेपटीत मध्ये दोन व भोवती नऊ जोड्या अशा नलिका. या जोड्यांना लागून असलेल्या चिमुकल्या भुजांच्या ओढीने शेपूट वळवळते.

१९७६ मध्ये स्वीडनच्या ब्योर्न आफ्झेलियसने असे पुरुष तपासले की, ज्यांचे शुक्रजंतू जिवंत होते, पण जागचे हलत नव्हते. शेपटीच्या कापात त्या भुजाच नव्हत्या. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसांची घडणही तशीच असल्याने या पुरुषांना जुनाट खोकला आणि सायनसचा विकार होता. काहींचे हृदय उजव्या बाजूस होते. पौरुषात बाहेरून कसलीही उणीव नसलेल्या अशा माणसाच्या पत्नीची कितीही तपासणी केली असती, तरी मूल न होण्याचे कारण तेथे सापडले नसते. एकच शुक्रजंतू बारीक सुईने स्त्रीबीजात सोडून झालेल्या गर्भधारणांची हकीकत ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हापासून अशा निश्चल शेपटीच्या पुरुषांनाही पिता होण्याची वाट मोकळी झाली आहे.