विश्लेषण : विषारी फुलातून हृदयाचे औषध कसे मिळाले? कोण होते डॉ. विल्यम विदरिंग?

मानवी शरीरातील जवळपास प्रत्येक पेशीच्या पटलावर सोडियम-पोटॅशियम पंप असतो. त्याचा मुख्य भाग कसा घडवायचा याची माहिती पहिल्या गुणसूत्रावरील ‘एटीपी१ए१’ या जनुकात साठवलेली असते. हा पंप शास्त्रज्ञांना सापडला १९५७ मध्ये. मात्र त्याच्यावर थेट काम करणारे औषध विल्यम विदरिंग हे इंग्रज डॉक्टर त्याच्या सुमारे १८० वर्षे आधीपासून मोजूनमापून रुग्णांना देत होते.

वनस्पतींशी ओळख कशी झाली?

विदरिंग यांचा जन्म १७४१ मध्ये इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यातल्या वेलिंग्टन गावी झाला. वडील औषधे तयार करून विकत आणि रुग्णही तपासत. विदरिंग यांनी एडिनबर्ग विद्यापीठातून १७६६ मध्ये वैद्यकीय पदवी घेतली. विद्यार्थिदशेत वनस्पतिशास्त्र हा त्यांचा नावडता विषय होता. पुढे स्टॅफर्ड येथे व्यवसाय करताना हेलेना कुक्स ही तरुणी उपचारांसाठी त्यांच्याकडे आली. तिला फुलांची चित्रे काढण्याचा छंद होता. तिच्यासाठी रानफुले गोळा करता करता विदरिंग वनस्पतींच्या अभ्यासात रमले. दोघांचा विवाह १७७२ मध्ये झाला. त्यानंतर चारच वर्षांनी ब्रिटनमधील वनस्पतींवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

वृद्धेच्या औषधात काय होते?

इरॅस्मस डार्विन यांच्या सूचनेवरून विदरिंग १७७५ मध्ये बर्मिंगहॅमला आले. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणाऱ्या चार्ल्स डार्विन यांचे हे आजोबा, स्वतः नामांकित डॉक्टर. त्याच वर्षी विदरिंग यांच्याकडे एका घरगुती औषधाबद्दल विचारणा झाली. श्रॉपशायरमधील एक वृद्धा अंगावर सूज येऊन पाणी साचणाऱ्या रुग्णांना ते देत असे. डॉक्टरांनी हात टेकलेले काही रुग्णही त्याने बरे होत. औषधात वीसेक वनस्पती होत्या आणि ते गुप्त ठेवले जात होते. घेतल्यावर जोरदार उलट्या आणि जुलाब होत. वनस्पतींची जाण असलेल्या विदरिंग यांनी त्यातील परिणामकारक घटक ओळखला. तो होता फॉक्सग्लव्ह, म्हणजे घंटेच्या आकाराची जांभळी फुले येणारी डिजिटॅलिस ही विषारी वनस्पती. त्या वृद्धेचे नाव इतिहासात नोंदले गेले नाही. पुढे प्रचलित झालेले ‘मदर हटन’ हे नाव विसाव्या शतकातील एका औषध कंपनीच्या जाहिरातीतून आले.

मग विदरिंग यांचे योगदान काय?

फॉक्सग्लव्ह त्याआधीही वापरात होते. प्रश्न मात्रेचा होता. किंचित जास्त झाले तर रुग्ण दगावण्याची भीती. विदरिंग यांनी सुरुवातीला स्वतःही फार मोठ्या मात्रा दिल्या आणि ही चूक पुढे मोकळेपणाने मान्य केली. झाडाचा जोम ऋतूनुसार बदलतो, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास तोडलेली पाने वाळवून त्यांची पूड वापरायची, असे त्यांनी ठरवले. प्रौढांसाठी एक ते तीन ग्रेन, म्हणजे साधारण ६५ ते २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. लघवी वाढली, मळमळ किंवा जुलाब सुरू झाले अथवा नाडी मंदावली, की औषध थांबवायचे. रुग्णाला वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसू लागणे हेही विषबाधेचे लक्षण असल्याचे त्यांनी नोंदवले.

दहा वर्षांच्या या अनुभवावर त्यांनी १७८५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांच्या स्वतःच्या दीडशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी आहेत. केवळ यशस्वी उदाहरणे निवडणे सोपे होते, पण बरे न झालेले आणि दगावलेले रुग्णही त्यांनी वगळले नाहीत.

श्रेयाचा वाद का झाला?

डार्विन यांच्या एका रुग्ण महिलेला १७७६ मध्ये फॉक्सग्लव्ह देण्याची सूचना विदरिंग यांनी केली होती. डार्विन यांनी १७८० मध्ये हा अनुभव छापला, पण विदरिंग यांचा उल्लेख केला नाही. १७८५ च्या आरंभी त्यांनी याच विषयावरील निबंधही सादर केला. या दोघांचे संबंध कायमचे बिघडले.

जनुक आणि पंपाशी संबंध काय?

हा पंप प्रत्येक फेरीत तीन सोडियम आयन पेशीबाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आयन आत घेतो. फॉक्सग्लव्हच्या कुळातील वनस्पतीपासून मिळणारे डिगॉक्सिन पंपाच्या अल्फा या भागाला बाहेरून चिकटते. हाच भाग ‘एटीपी१ए१’ आणि त्याची भावंडे असलेली जनुके घडवतात. काही पंप बंद पडले की हृदयाच्या पेशीत सोडियम वाढते, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाण्याचा वेग घटतो आणि हृदय अधिक जोराने आकुंचन पावते. पंप गरजेपेक्षा जास्त बंद पडले, तर ठोक्यांची लय बिघडते. विदरिंग यांना छळणाऱ्या निसरड्या मात्रेचे कारण हेच. रक्तातील पोटॅशियम कमी झाले की धोका वाढतो, म्हणून डॉक्टर आजही त्यावर लक्ष ठेवतात. आपल्या अंगणातील कण्हेर आणि बिट्टी यांचे विषही याच पंपावर घाव घालते.

अखेर कशी झाली, मागे काय उरले?

विदरिंग यांना स्वतःला क्षयरोगाने ग्रासले होते. हवापालटासाठी त्यांनी दोन हिवाळे लिस्बनमध्ये काढले. १७९१ मधील बर्मिंगहॅमच्या दंगलीत त्यांचे घर थोडक्यात वाचले. ६ ऑक्टोबर १७९९ रोजी त्यांचे निधन झाले. एजबॅस्टन येथील चर्चमधील त्यांच्या स्मृतिशिलेवर फॉक्सग्लव्ह कोरलेले आहे.

पंपाच्या शोधासाठी डेन्मार्कचे जेन्स स्को यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डिगॉक्सिनमुळे हृदय कमकुवत झालेल्यांचे मृत्यू घटले नाहीत, मात्र रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटल्याचे दिसले. आज या औषधाचा वापर पूर्वीपेक्षा मर्यादित आहे. परंतु कमीत कमी मात्रेत द्यावे, रुग्णावर नजर ठेवावी आणि अपयशही लिहून ठेवावे, ही विदरिंग यांनी घालून दिलेली शिस्त मात्र कालबाह्य झालेली नाही.