ऐन लढाईत विमानाचं इंजिन दगा द्यायचं, या बाईने पितळेच्या एका वॉशरने प्रश्न सोडवला

जुनी कार्बोरेटरवाली गाडी ज्यांनी चालवलीय त्यांना हा अनुभव नवा नाही. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी अडखळते, दोन गचके देते आणि मग कुठे पळते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, कार्बोरेटर साफ करावा लागेल म्हणतो, तोवर आपण टपरीवर चहा पितो. विषय संपला.

पण हाच गचका हजारो फूट उंचीवर बसला आणि समोर शत्रूचं विमान असेल तर?

१९४० मध्ये ब्रिटिश पायलट्सवर हीच वेळ आली होती. त्यावर इलाज शोधणाऱ्या इंजिनिअरचं नाव होतं बिॲट्रिस शिलिंग.

बिॲट्रिसचा जन्म ८ मार्च १९०९ चा, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचा. वडील खाटीक. पोरीला लहानपणापासून खोलाखोलीचा नाद. चौदाव्या वर्षी तिने स्वतःची मोटरसायकल घेतली आणि इंजिन उघडून परत जोडायला ती शिकली. शाळा संपल्यावर मार्गारेट पार्ट्रिज या महिला इंजिनिअरच्या कंपनीत ती वीजजोडणीची कामं करू लागली. पुढे शिक, असा आग्रह पार्ट्रिजबाईंनीच धरला. १९३२ मध्ये मँचेस्टरमधून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी मेकॅनिकलची मास्टर्स.

बाईंचं दुसरं वेड म्हणजे रेसिंग. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर नॉर्टन मोटरसायकल ताशी १०६ मैलांनी, म्हणजे जवळपास १७० किलोमीटर वेगाने पळवून त्यांनी गोल्ड स्टार मिळवला. जॉर्ज नेलर यांनी लग्नाची मागणी घातली तेव्हा, आधी तूही गोल्ड स्टार मिळव, अशी अट त्यांनी घातली होती असा किस्सा सांगितला जातो. १९३८ मध्ये लग्न झालं.

त्याआधी १९३६ मध्ये त्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमध्ये लागल्या होत्या. सुरुवातीला काम मिळालं तांत्रिक माहिती लिहायचं. पण बाईंचा जीव इंजिनात. लवकरच त्या इंजिन विभागात गेल्या आणि कार्बोरेटर हा त्यांचा विषय झाला.

आता मूळ भानगड काय होती ते बघू. स्पिटफायर आणि हरिकेन या दोन्ही विमानांत रोल्स-रॉईसचं मर्लिन इंजिन होतं आणि त्याला फ्लोटवाला कार्बोरेटर. घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल आठवा. पातळी वाढली की बॉल वर येतो आणि पाणी बंद होतं. कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतही पेट्रोलवर असाच फ्लोट तरंगतो.

पायलटने विमानाचं नाक झटकन खाली दाबलं की आतलं सगळं वर उचललं जातं. पेट्रोलही टाकीच्या छताला जाऊन चिकटतं. खालच्या जेटला काहीच मिळत नाही, इंजिन क्षणभर उपाशी राहून खोकतं. इथवर ठीक होतं. खरा घोळ पुढे व्हायचा. फ्लोटचा हिशेब चुकायचा, व्हॉल्व्ह सताड उघडा राहायचा आणि पंप पूर्ण जोराने पेट्रोल ओतत राहायचा. इंजिनाला जळणार नाही इतकं. काळा धूर सोडत इंजिन गुदमरायचं, कधी बंदच पडायचं.

जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ मध्ये थेट फ्युएल इंजेक्शन असल्याने ही कटकट नव्हती. अडचणीत आला की जर्मन पायलट सरळ नाक खाली करून सूर मारायचा. मागच्या ब्रिटिश पायलटला आधी विमान उलटं करावं लागायचं आणि मगच खाली वळवता यायचं. तेवढ्यात जर्मन निसटलेला असायचा. आणि जर्मन मागे लागला असेल तर याला तशी झटपट बुडीही मारता यायची नाही.

शिलिंगबाईंनी नवा कार्बोरेटर बनवायच्या भानगडीत न पडता उलटा विचार केला. पूर्ण ताकदीवर चालताना इंजिनाला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं? तेवढंच जाईल असं भोक असलेला पितळेचा तुकडा त्यांनी पेट्रोलच्या लाइनमध्ये बसवला. आता फ्लोट काहीही करो, त्यापेक्षा जास्त पेट्रोल आत जाणारच नाही. भोक जरा लहान झालं असतं तर फुल थ्रॉटलला इंजिन उपाशी, मोठं झालं तर पुन्हा पूर. म्हणून सुपरचार्जरच्या दाबानुसार दोन मापं केली. आधी तो टोपणासारखा होता, नंतर साधा चपटा वॉशर झाला. शिवाय तो बसवायला विमान ताफ्यातून काढावं लागत नव्हतं.

मार्च १९४१ पर्यंत छोटी टीम घेऊन त्या एकेका विमानतळावर हे वॉशर बसवत फिरत होत्या. स्वतः जायच्या त्या जुन्या नॉर्टनवरून.

सोशल मीडियावर फिरणाऱ्या पोस्टमध्ये या वॉशरने बॅटल ऑफ ब्रिटन जिंकून दिल्याचं लिहिलेलं असतं. ते खरं नाही. ती लढाई १९४० च्या ऑक्टोबरमध्येच संपली होती, वॉशर आला त्यानंतर. दुखणंही पूर्ण गेलं नाही. सुरुवातीची ती क्षणभराची खोक राहिलीच आणि विमान बराच वेळ उलटं उडवणं जमत नव्हतं. त्यासाठी पुढे प्रेशर कार्बोरेटर यावे लागले. पण तोवर हजारो फूट उंचीवर इंजिन बंद पडायची भीती या वॉशरने घालवली, हे काही थोडं नव्हे.

युद्धानंतर त्यांना ओबीई हा सन्मान मिळाला. फार्नबरोत त्या १९६९ पर्यंत राहिल्या. ब्लू स्ट्रीक क्षेपणास्त्रावर काम केलं, ओल्या धावपट्टीवर विमानाचे ब्रेक कसे लागतात याचा अभ्यास केला. सुट्टीच्या दिवशी नवऱ्यासोबत कार रेसिंग चालूच होतं. गाड्यांची दुरुस्ती आणि फेरफार अर्थातच घरच्या घरी.

१८ नोव्हेंबर १९९० ला त्यांचं निधन झालं. ऑफिसातले लोक त्यांच्या पाठीमागे त्यांना टिली म्हणायचे, तोंडावर म्हणायची कोणाची टाप नव्हती. आज फार्नबरोत एक पब आहे, त्याच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत नाव आहे, द टिली शिलिंग.