एकच शब्द, जाती तीन! रशियन व्याकरणातला पेच मांडणारे लेव श्चेर्बा कोण होते?

शब्दांच्या आठ जाती शाळेत पाठ केल्या की विषय संपला, असं आपल्याला वाटतं. रशियन भाषेत मात्र काही शब्द नेमके कोणत्या जातीत बसवायचे, यावर अजूनही एकमत नाही. हा पेच ठळकपणे मांडणारे भाषाशास्त्रज्ञ म्हणजे लेव श्चेर्बा.

विज्ञान सोडून भाषेकडे

श्चेर्बा यांचा जन्म १८८०चा. शिक्षण कीव्हमध्ये झालं. १८९८ मध्ये त्यांनी तिथल्याच विद्यापीठात निसर्गविज्ञानाला प्रवेश घेतला. पण वर्षभरातच ते सेंट पीटर्सबर्गला गेले आणि भाषेचा अभ्यास सुरू केला. तिथे त्यांना बोदुएँ द कुर्तने हे गुरू लाभले. पुढे जर्मनीतल्या सोर्ब या स्लाव्ह समाजाची बोली शिकण्यासाठी ते थेट त्यांच्या गावात जाऊन राहिले. आधी लोक कसे बोलतात ते ऐकायचं, मग नियम मांडायचा, ही त्यांची पद्धत होती.

पेच नेमका काय?

'खोलदनो' हा रशियन शब्द घ्या. अर्थ साधारण 'थंड'. 'समुद्र थंड आहे' म्हणताना तो विशेषण असतो. 'त्याने थंडपणे उत्तर दिलं' म्हणताना क्रियाविशेषण. पण 'मला थंडी वाजतेय' हे रशियनमध्ये फक्त 'मला' आणि 'खोलदनो' अशा दोन शब्दांत सांगता येतं. इथे तो कशाचं विशेषण? वाक्यात ना नाम आहे, ना क्रियापद! 'नेल्झ्या' म्हणजे 'परवानगी नाही' हा शब्दही असाच.

१९२८चा लेख

रशियन शब्दजातींवरच्या या लेखात श्चेर्बा यांनी अशा शब्दांसाठी 'अवस्थावाचक' असा वेगळा गट सुचवला. त्यांचं म्हणणं साधं होतं. शब्दजाती म्हणजे अभ्यासकाने सोयीसाठी केलेले कप्पे नव्हेत, त्या भाषेतच असतात. त्यामुळे एखादा शब्द एकाच वेळी दोन गटांत बसू शकतो आणि एखादा कशातच बसत नाही.

विद्यार्थ्यांना ते निरर्थक धातूंपासून बनवलेलं एक वाक्य द्यायचे. अर्थ कळत नसला तरी प्रत्ययांवरून कर्ता कोण आणि क्रियापद कोणतं, हे सगळ्यांना ओळखता यायचं. हे वाक्य रशियात आजही प्रसिद्ध आहे.

युद्ध आणि शेवट

१९४१ मध्ये युद्धामुळे त्यांना लेनिनग्राड सोडून नोलिन्स्क या छोट्या गावात जावं लागलं. १९४३ मध्ये ते विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. २६ डिसेंबर १९४४ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. तीनच वर्षांनी व्हिक्टर विनोग्रादोव्ह यांनी आपल्या ग्रंथात या गटाला स्वतंत्र शब्दजातीचा दर्जा दिला. ते पाहायला श्चेर्बा नव्हते.

वाद मिटला का?

नाही. अकादमीच्या १९८० च्या व्याकरणात दहा शब्दजाती आहेत, त्यात या गटाला वेगळी जागा नाही. संगणकाला भाषा शिकवतानाही हाच प्रश्न येतो. रशियन भाषेच्या राष्ट्रीय शब्दसंग्रहात अशा शब्दांना वेगळा टॅग आहे. अनेक भाषांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज'च्या १७ टॅगमध्ये मात्र तो नाही.

मराठीतही 'गाणं चांगलं आहे' आणि 'ती चांगलं गाते' यातल्या 'चांगलं'ची जात वेगळी. शब्द एकटा पाहून जात ठरत नाही, वाक्य पाहावं लागतं.