पॉप वॉर्नर

ग्लेन स्कोबी वॉर्नर ऊर्फ 'पॉप' वॉर्नर (जन्म : ५ एप्रिल १८७१, स्प्रिंगव्हिल, न्यू यॉर्क, मृत्यू : ७ सप्टेंबर १९५४, पालो आल्टो, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन फुटबॉलचे विख्यात प्रशिक्षक होते. हा अंडाकृती चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा खेळ असून आपल्याकडील फुटबॉलशी त्याचा घोटाळा करू नये.

कॉर्नेल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण घेत असताना सहखेळाडूंपेक्षा वयाने मोठे असल्यामुळे त्यांना 'पॉप' हे टोपणनाव मिळाले. १८९४ मध्ये ते कायद्याचे पदवीधर झाले; मात्र नियमात जे स्पष्टपणे निषिद्ध नाही ते करून पाहण्याची त्यांची वृत्ती वकिलीपेक्षा मैदानावरच अधिक दिसली.

१८९९ मध्ये ते पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथे आले. अमेरिकेतील मूलनिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून व चालीरीतींपासून तोडण्यासाठी चालवलेली ही निवासी शाळा होती. अंगाने लहान असलेल्या या मुलांना बलाढ्य संघांशी झुंजवण्यासाठी वॉर्नर यांनी वेग आणि हुलकावणी यांवर भर दिला. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध उत्तरार्धाच्या प्रारंभी जिमी जॉन्सन यांनी झेललेला चेंडू घोळक्याआड चार्ल्स डिलन यांच्या सदऱ्यात पाठीमागून सरकवण्यात आला. सदऱ्याच्या कडेला त्यासाठीच इलॅस्टिक शिवलेले होते. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले आणि डिलन यांनी जवळजवळ संपूर्ण मैदान पार केले. पंचांनी टचडाउन ग्राह्य धरला, कारण तो नाकारण्याजोगा नियमच नव्हता. सामना हार्वर्डने १२-११ असा जिंकला, तरी चर्चा झाली ती या युक्तीचीच. ती पूर्णपणे न्याय्य होती असे आपण मानत नव्हतो, हे वॉर्नर यांनी पुढे स्वतःच मान्य केले.

१९०८ मध्ये त्यांनी खेळाडूंच्या सदऱ्यांवर चेंडूच्या आकाराची ठिगळे लावली. त्यावर हार्वर्डचे प्रशिक्षक पर्सी हॉटन यांनी चेंडूच आपल्या सदऱ्यांच्या किरमिजी रंगात रंगवून घेतला व ठिगळे निघाली, असे सांगितले जाते.

आजच्या महाविद्यालयीन नियमांनुसार चेंडू कपड्यांत लपवणे, साहित्याने प्रतिस्पर्ध्याला गोंधळवणे आणि खेळाडू बदलल्याचा खोटा आव आणणे, ही तिन्ही कृत्ये बेकायदा आहेत. चेंडू एकाला दिल्याची नुसती हूल देणे मात्र वैध आहे. फसवणुकीला बंदी नाही, तिच्या साधनांना आहे.

जिम थॉर्प हे वॉर्नर यांचेच शिष्य. पैसे घेऊन बेसबॉल खेळल्याच्या कारणावरून १९१३ मध्ये थॉर्प यांची ऑलिंपिक पदके काढून घेण्यात आली, तेव्हा वॉर्नर यांनी आपल्याला ठाऊक नसल्याचे सांगितले. अनेक अभ्यासकांना ते पटत नाही. १९१४ च्या संसदीय चौकशीत विद्यार्थ्यांनीही त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. त्यानंतर त्यांनी पिट्सबर्ग, स्टॅनफर्ड व टेंपल विद्यापीठांत १९३८ पर्यंत प्रशिक्षण दिले.