तेलुगूत ‘तो आला’ कसं लिहायचं? या वादात आयुष्य घालवणारे गिडुगु राममूर्ती

तेलुगूत ‘तो आला’ म्हणजे ‘वच्चाडु’ आणि ‘ती आली’ म्हणजे ‘वच्चिंदि’. पण शंभर वर्षांपूर्वी शाळेच्या वहीत दोन्हींसाठी ‘वच्चेनु’ लिहावं लागायचं. ‘करतोय’साठी बोलताना ‘चेस्तुन्नाडु’, लिहिताना मात्र ‘चेयुचुन्नाडु’. ही जुनी ग्रांथिक रूपं होती. चिन्नय सूरींच्या १८५८ च्या ‘बालव्याकरणमु’ला तेव्हा मोठा मान होता.

या सक्तीला आव्हान दिलं एका शिक्षकाने. गिडुगु वेंकट राममूर्ती यांचा जन्म १८६३ चा, श्रीकाकुलमजवळचा. पर्लाकिमिडीत शिकवताना ते डोंगरातल्या सवर आदिवासींची भाषा शिकले. त्यांच्या मुलांसाठी त्याच भाषेत पुस्तकं लिहिली, शाळाही काढल्या. मूल स्वतःच्या बोलीत पटकन शिकतं, मग तेलुगू मुलांनीच परकी वाटणारी तेलुगू का घोकायची, हा त्यांचा प्रश्न होता.

जयंती रामय्या पंतुलुंसारख्या पंडितांनी कडाडून विरोध केला. बोलीमुळे भाषा बिघडेल, अशी त्यांना भीती होती. राममूर्तींनी जुनं व्याकरण कोळून प्यायलं होतं. नियमांचा आग्रह धरणारे स्वतः लिहिताना कुठे चुकतात, हे त्यांनी पुराव्यांसह दाखवलं. १९१९ मध्ये ‘तेलुगु’ नावाचं मासिकही काढलं.

२२ जानेवारी १९४० ला ते गेले, तेव्हा लढाई संपलेली नव्हती. आज मात्र तेलुगू वर्तमानपत्रांत सर्रास ‘वच्चाडु’ छापलं जातं. आणि त्यांचा जन्मदिवस, २९ ऑगस्ट, तेलुगू भाषा दिन म्हणून साजरा होतो.